ओम्नीचे चक्रवर्धन : शास्त्र आणि विधी

वाहनास कारखान्याने दिलेली चाके उतरवून त्यांच्या जागी बाजारातून निवडून आणलेली, मोठ्या व्यासाची चाके व टायर बसविणे, या विधीस प्रस्तुत विवेचनात 'चक्रवर्धन' अशी संज्ञा योजिली आहे. हा विधी कोणत्याही वाहनावर करता येत असला, तरी येथे मारुती ओम्नी या एकाच व्हॅनचा विचार केला आहे. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' या नावाने रस्त्यावर आलेल्या, १९८८ मध्ये 'ओम्नी' झालेल्या आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेल्या या वाहनाने शाळेची मुले, आचाऱ्यांची पातेली, दीड दिवसांचे गणपती, दवाखान्यातले रुग्ण आणि हिंदी चित्रपटांतील पळवून नेलेल्या नायिका अशा सर्वांची समभावाने वाहतूक केली, परंतु स्वतःच्या बारा इंची चाकांविषयी त्याने कधी तक्रार केल्याचा दाखला मिळत नाही. तक्रार असते ती मालकाची. आणि म्हणूनच विधीचा आरंभ वाहनाच्या नव्हे, तर मालकाच्या तपासणीने करावा.

चक्रवर्धनाची बाधा झालेला पुरुष सामान्यतः पन्नाशी ओलांडलेला असतो आणि त्याची ओम्नी पंचविशीच्या आगेमागे असते, म्हणजे दोघेही अशा वयात असतात की ज्यात त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. त्यातून सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या जागेत एखादी उंच, काळी, सोळा-सतरा इंची चाकांची गाडी येऊन उभी राहिली, की तिच्या टायरशेजारी ओम्नीचा टायर मेदूवड्यासारखा दिसू लागतो आणि बाधेस आरंभ होतो. मालक मात्र हे कारण कधीही सांगत नाही. तो 'ग्राउंड क्लिअरन्स' सांगतो, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांतील मोकळे अंतर वाढवायचे आहे असे म्हणतो. चाकाचा व्यास जितका वाढतो त्याच्या निम्म्यानेच गाडी उचलली जाते, म्हणजे चार सेंटिमीटर व्यास वाढवून पदरात दोन सेंटिमीटर पडतात, आणि सोसायटीचा गतिरोधक तर सिमेंट संपेपर्यंत बांधलेला असतो, हे साधे गणित त्यास कोणी दाखवू नये. दाखविल्यास तो अधिक मोठी चाके घेतो.

याच सुमारास घरातून एक वेगळा विषय निघतो. ओम्नीचे सरकते दार नीट लागत नाही, ते दोन्ही हातांनी किंचित वर उचलून, मागे नेऊन, मग कमरेचा धक्का देत पुढे ढकलावे लागते, आणि ही क्रिया कुटुंबातील एकाच व्यक्तीस साधते, जी नेमकी दाराच्या आत बसणार असते. दाराचा रोलर, म्हणजे रुळावरून धावणारी छोटी चाकी, झिजलेला असतो, आणि तो बदलण्याचे काम अर्ध्या दिवसाचे असते. "ती चाकं नकोत, या दाराचं चाक बदला," या सूचनेत वस्तुतः चक्रवर्धनाचा सर्वांत शहाणा नियम सामावलेला आहे. पण शास्त्रात तो अद्याप स्वीकारला गेलेला नाही.

तिसरा घटक मेहुणा. मेहुणा म्हणजे स्वतःची गाडी दर पाच वर्षांनी विकून नवी घेणारा आणि दुसऱ्याच्या जुन्या गाडीवर प्रयोग सुचविणारा आप्त. तो 'मॅगव्हील' हा शब्द प्रथम उच्चारतो. या शब्दातील 'मॅग' मॅग्नेशियमवरून आलेला आहे. आज बाजारात मिळणारी चाके बहुतांशी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात, परंतु पुण्यातील नाना पेठेपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत त्यांना मॅगव्हीलच म्हणतात, आणि तेथे 'मिश्रधातूचे चाक' मागणाऱ्यास चहा मिळतो, भाव मिळत नाही.

आता गणिताकडे वळणे भाग आहे. टायरच्या कडेवर १६५/६५ आर १३ असे काही लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, 'आर' हे अक्षर आतील धागे त्रिज्येच्या दिशेने विणलेले असल्याचे, आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत सांगतो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच नांदविणारी ही पद्धत कोणत्या समितीने ठरविली असेल, याची कल्पना सरकारी अर्ज भरलेल्या वाचकास सहज करता येईल. ओम्नीच्या मूळ टायरवर १४५ आर १२ एवढेच असते, मधली टक्केवारी नसते. अशा वेळी ती साधारण ८० धरतात. बारा इंचांचे ३०४.८ मिलिमीटर, अधिक दोन्ही बाजूंच्या भिंतींचे २३२, मिळून सुमारे ५३७ मिलिमीटर हा मूळ चाकाचा एकूण व्यास होय, आणि सारे चक्रवर्धन या एका संख्येभोवती फिरते.

सर्वसाधारण नियम असा, की रिम मोठी झाली तर टायरची भिंत त्या प्रमाणात बुटकी घ्यावी आणि एकूण व्यास मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावा. १६५/६५ आर १३ या टायरचा व्यास ५४५ येतो, म्हणजे वाढ दीड टक्का. गाडीला कळतही नाही. परंतु गाडीला न कळणारी वाढ शेजाऱ्यालाही कळत नाही, आणि येथेच मालकाचा धीर सुटतो. तो १५५/८० आर १३ घेतो, ज्याचा व्यास ५७८ असून वाढ पावणेआठ टक्के होते. मूळ चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ५९३ फेरे घेई; नवे ५५० फेऱ्यांत काम उरकते. स्पीडोमीटर बिचारा फेरेच मोजत असल्यामुळे तो ताशी ६० किलोमीटर दाखवितो तेव्हा गाडी जवळजवळ ६५ ने धावत असते, आणि १०० किलोमीटर चालल्यावर नोंद ९३ चीच होते. मग पेट्रोल भरताना मालक ॲव्हरेज काढतो, ते पडलेले पाहून अस्वस्थ होतो, आणि दोष पंपवाल्यास देतो.

याहून गंभीर गोष्ट अशी, की व्यास वाढला की इंजिनाचा जोर जमिनीपर्यंत तितकाच कमी पोहोचतो. ओम्नीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे, सुमारे ३५ अश्वशक्तीचे, आणि तेही चालकाच्या आसनाखाली असल्यामुळे त्याचे कष्ट चालकास बसल्या जागी, थेट आणि उष्ण स्वरूपात समजतात. खंबाटकीच्या घाटात जेथे तिसरा गिअर पुरत असे तेथे दुसरा टाकावा लागला, मागून ट्रकने हॉर्न दिला आणि मागच्या आसनावरून "पूर्वी चढायची की" असा निरागस शेरा आला, म्हणजे पावणेआठ टक्क्यांचा खरा अर्थ उमगतो. उतारावर हेच गणित ब्रेकला लागू होते, आणि तेथे शेरा मारण्याची कोणाची छाती होत नाही.

व्यास ठरला तरी नवे चाक गाडीला बसले पाहिजे, आणि त्यासाठी प्रथम पीसीडी पाहावी लागते. पीसीडी म्हणजे चाकाच्या सर्व नटांच्या केंद्रांतून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा व्यास. ओम्नीस चार नट असून हा व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच असतो, आणि चार नटांच्या चाकात तो समोरासमोरच्या दोन नटांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साध्या पट्टीने मोजता येतो. बाजारात मात्र चार नटांची आणि १०० मिलिमीटर पीसीडीची चाकेही मुबलक असतात, नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, आणि दुकानदार "बसतील, थोडी कानस मारू" असे म्हणतो. प्रत्येक भोक सात मिलिमीटर सरकविण्यास कानस मारणे म्हणत नाहीत. त्यास काय म्हणतात ते ग्रंथात छापता येणार नाही. अशा दुकानातून विनाविलंब बाहेर पडावे, मेहुणा आत राहिला तरी चालेल.

ऑफसेट ही संज्ञा याहून अवघड आहे. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून जाणारी रेषा आणि चाक ज्या पृष्ठाने हबला टेकते ते पृष्ठ, यांतील मिलिमीटरमधील अंतर म्हणजे ऑफसेट. तो अनेकदा रिमच्या आतल्या बाजूस 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेला असतो. तो मूळपेक्षा कमी झाला की चाक बाहेर येते, मडगार्डच्या कडेशी भांडते, बेअरिंगवर जास्त भार टाकते आणि पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ओम्नीचे स्टेअरिंग उभ्या गाडीत जात्यासारखे जड करते. वाढला की चाक आत जाऊन सस्पेन्शनला घासते. वॉशर रचून हे अंतर जुळवू नये.

मूळ ओम्नीचे टायर 'एलटी', म्हणजे हलक्या मालवाहू जातीचे असतात, ही गोष्ट नव्या टायरच्या झगमगाटात विसरली जाते. टायरच्या कडेवर मापापुढे जो दोन आकडी भारांक असतो तो एका टायरने पेलायचे वजन सांगतो: ७३ म्हणजे ३६५ किलो, ७७ म्हणजे ४१२ किलो, ८० म्हणजे ४५० किलो. नवा भारांक मूळ टायरपेक्षा खालचा नसावा, कारण ओम्नीत किती माणसे बसतात हा प्रश्न कागदोपत्री पाच किंवा आठ या उत्तराने संपत असला, तरी चुलतभावाच्या लग्नात तो अकरावर जातो, शिवाय रुखवत. जुने टायर घेण्याचा मोह झाल्यास कडेवरील चार आकडे वाचावेत. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवितात, म्हणून २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. काळे पॉलिश लावल्याने हा आठवडा पुढे सरकत नाही.

टायर घासतो की नाही हे पाहण्याची उत्तम रीत स्वस्त आहे. खरेदीपूर्वी पुठ्ठ्याचे नव्या व्यासाचे वर्तुळ कापून चाकाशेजारी धरावे, म्हणजे निम्मा उत्साह तेथेच ओसरतो. खरेदीनंतर, घरात उरलेली शाडूची माती मडगार्डच्या आतल्या कडेवर बोटभर जाडीने थापावी, गाडीत शक्य तितकी माणसे बसवावीत, स्टेअरिंग एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे पुरते वळवून गाडी गतिरोधकावरून सावकाश न्यावी, आणि नंतर मातीत उमटलेला ठसा पाहावा. ओम्नीत पुढच्या चाकाची कमान पुढच्या दाराखालीच येत असल्यामुळे जागा मुळात थोडी असते. रिकाम्या गाडीची चाचणी ग्राह्य धरू नये. रिकामी ओम्नी ही तशीही केवळ सैद्धांतिक कल्पना आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कठोर अर्थ लावलेला आहे. विमा कंपनीही अपघातानंतर अचानक चक्षुष्मान होते. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी वाहनास दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, ज्यास व्यवहारात 'पासिंग' म्हणतात. त्यामुळे मालक जुनी चाके कधीही विकत नाही.

प्रत्यक्ष बसविण्याचा विधी सोपा आहे, फक्त पंचवीस वर्षांचे नट आदल्या रात्री गंज सोडविणाऱ्या तेलात भिजविलेले असावेत. जॅक लावण्यापूर्वी, गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. नव्या चाकाच्या भोकाच्या बसणीस जुळणारे नट घ्यावेत, कारण लोखंडी रिमचे नट मॅगव्हीलला बहुधा चालत नाहीत. एक नट आवळला की त्याच्या समोरचा आवळावा, शेजारचा नव्हे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे, आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. नव्या चाकांनिशी ओडोमीटरवर हे शंभर किलोमीटर ९३ ला पुरे होतात, हे सुज्ञास सांगणे न लगे. स्टेपनी मात्र बारा इंचीच राहते, कारण पाचव्या मॅगव्हीलचे पैसे एव्हाना संपलेले असतात.

सायंकाळी गाडी सोसायटीत येते. मालक ती मुद्दाम आडवी लावतो, खाली उतरून काही वेळ उगाच काच पुसतो, आणि बऱ्याच वेळाने वॉचमन जवळ येऊन विचारतो, "साहेब, आज गाडी धुतली काय?"

उरतो प्रश्न उतरविलेल्या चार चाकांचा. माळ्यावर जागा नसते, गॅलरीत ठेवण्यास घरातून मनाई असते, आणि भंगारात देण्यास पासिंग आडवे येते. शिवाय ही चाके देववतही नाहीत, कारण त्यांतले एक पंक्चर झाले होते तेव्हा आठवीतल्या मुलाने स्टेपनी एकट्याने उचलून आणली होती आणि पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगितले होते, आणि तो मुलगा आता बंगळुरात असतो व फोनवर "बाबा, गाडी विकून टाका" असे म्हणतो. म्हणून ती चारही चाके अखेर ओम्नीतच, मागच्या आसनाला टेकवून ठेवली जातात आणि जेथे ओम्नी जाईल तेथे जातात. सरकते दार उचलून, ढकलून, कमरेचा धक्का देऊन उघडले, की त्यांतले एक हमखास सुटते, खाली उडी घेते आणि पार्किंगमधून थेट फाटकापर्यंत घरंगळत जाते. तेही बॅलन्सिंग न करता, अगदी सरळ रेषेत.