अस्मादिकांचा पुरावा

साठी ओलांडली की माणसाची एक भाबडी समजूत होते, की आता आपल्याला चारचौघं ओळखतात. वाणी न विचारता पातळ पोहे काढून ठेवतो, सलूनवाला मानेवर किती कापायचं ते विचारत नाही, कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा आपल्यावर भुंकायचे कष्ट घेत नाही. एवढ्या पुण्याईच्या जोरावर आपण घरी येतो, खुर्चीत टेकतो, विजेचं बिल भरायला मोबाइल हातात घेतो, आणि तो विचारतो, आपण कोण?

बरं, एकदा विचारून गप्प बसेल तर शपथ. आकडा सांगा. बोट लावा. चेहरा दाखवा. जरा उजेडात या. चष्मा काढा. चष्मा काढला की पडद्यावरच्या सूचना आपल्याला दिसत नाहीत, आणि लावला की आपण त्याला दिसत नाही. गुन्हेगाराची ओळखपरेड कधीतरी एकदा होते. सरळमार्गी माणसाची दिवसातून पाच-सात वेळा होते, तीही स्वतःच्याच पैशांसाठी.

या छळाचं मूळ शोधत गेलं तर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीत पोचावं लागतं. तिथं एकच अगडबंब संगणक अनेकांनी वाटून घ्यायचा होता. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासवर्डाची युक्ती काढली. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. कुलूप लावून वर्ष-दोन वर्षं होताहेत तोवर घरातल्याच माणसानं किल्ल्यांचा जुडगा लांबवला, असा हा शुभारंभ.

पुढचा उपद्व्याप २००३ सालचा. अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतले बिल बर यांनी पासवर्ड कसा असावा याची नियमावली लिहिली. चित्रविचित्र चिन्हं घाला, मोठी अक्षरं घाला, आकडे घाला, अधूनमधून बदलत राहा. जगानं ती शिरोधार्य मानली. २०१७ साली, निवृत्तीनंतर, बरसाहेबांनी एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्राला सांगून टाकलं, की यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा मला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेनंही नियम सुधारले आणि ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. ही बातमी आमच्या बँकेपर्यंत अजून पोचायची आहे.

मधल्या काळात व्हायचं ते झालंच. चिन्ह हवं, आकडा हवा म्हटल्यावर घरोघरी गणपती, साईनाथ आणि थोरला नातू कामाला लागले. त्यांच्यापुढे 'ॲट' आणि मग एक-दोन-तीन. तीन महिन्यांनी बदला असं फर्मान आलं की एक-दोन-तीन-चार. आमच्याकडे हा सगळा ऐवज कालनिर्णयवर आहे. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, लाल पेनानं, सुवाच्य अक्षरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर. वर्ष संपलं की जुनं कालनिर्णय खाली उतरतं, पण पासवर्डांसाठी ते फेकायचं नाही असा दंडक आहे. तेव्हा गेल्या काही वर्षांची कालनिर्णयं खिळ्यावर एकाखाली एक लटकताहेत. चोर आलाच तर त्याची फार गैरसोय होऊ नये.

शास्त्र असं सांगतं, की माणूस तीन गोष्टींवरून ओळखावा. त्याला काय ठाऊक आहे, त्याच्याजवळ काय आहे आणि तो स्वतः काय आहे. म्हणजे पासवर्ड, मोबाइल आणि बोट. शास्त्र चोख आहे. अडचण एवढीच, की वयोमानाप्रमाणे पहिलं आठवत नाही, दुसरं सापडत नाही आणि तिसरं झिजतं.

दुसऱ्याची कथा म्हणजे ओटीपी. रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा खातरजमा सक्तीची केली आणि पुढे या सहा आकड्यांनी घराघरात मुक्काम ठोकला. शिस्त चांगली आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण कोकणातल्या आमच्या नातेवाइकांकडे ओटीपी माजघरात येत नाही, सड्यावर येतो. तात्या वर चढून आकडा घेतात आणि खाली काकू लॅपटॉपसमोर बसलेली असते. तात्या उतरेपर्यंत मुदत टळते. शेवटी त्यांनी वरून ओरडून सांगायला सुरुवात केली. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हा संदेश ज्या आकड्यांबरोबर येतो, ते आकडे अशा रीतीनं अख्ख्या वाडीला कळतात.

पुण्यातल्या कित्येक आईबापांच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि मुलगा असतो न्यू जर्सीत. इथं दुपारी दोनला काही भरायचं म्हटलं की तिथं पहाटे साडेचारला फोन किणकिणतो. 'झोपला होतास का रे?' या प्रश्नाला इतकं निरर्थक रूप याआधी आलं नसेल. याच्या उलट, परदेशातली आपली मंडळी इथलं एक सिमकार्ड वर्षानुवर्षं रिचार्ज मारून जिवंत ठेवतात. त्या नंबरावर मामाचा फोन येत नाही, शाळेतल्या मित्राचा येत नाही. येतो तो फक्त ओटीपी.

पण हे निदान मी मीच आहे का एवढंच विचारतात. कॅप्चाची मजल त्याच्यापुढची. तो विचारतो, मुळात तुम्ही माणूस आहात का? मग नऊ चौकोन येतात आणि पादचाऱ्यांचे पट्टे असलेले चौकोन निवडा म्हणतात. आमच्या चौकातले पट्टे कायम रिक्षांच्या खाली असल्यानं ते उघड्यावर कसे दिसतात याचा आम्हाला सराव नाही. कधी रस्त्याकडेचा आगीच्या बंबाचा तो बुटका नळ शोधायचा असतो, जो अमेरिकेत गल्लोगल्ली असतो आणि आम्ही सिनेमात पाहिलेला असतो. म्हणजे माणूस असून चालत नाही, अमेरिकेत थोडंफार हिंडलेला माणूस असावं लागतं. यातला कावा तर ऐकण्यासारखा आहे. लुईस फॉन आन या संगणकशास्त्रज्ञानं २००७ साली रीकॅप्चा आणला तेव्हा त्यात वेडीवाकडी अक्षरं ओळखायला देत. त्यात जुन्या छापील मजकुरातले, संगणकाला न लागलेले शब्द असत. लोकांनी ते ओळखून ओळखून 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जुने अंक संगणकात उतरवून दिले. आपण माणूस आहोत हे पटवता पटवता आपण बिनपगारी कारकुनीही केली, ती अशी.

यातून सुटलो तर नाव आडवं येतं. आपलं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनकार्डावर शेवटी, आणि परदेशी फॉर्मवर मधल्या मजल्याला जागाच नाही. त्यात ज्ञानेश्वर असाल तर विचारूच नका. आपण रोमनमध्ये डी-एन-वाय लिहितो, उत्तरेकडचा ऑपरेटर जी-वाय लिहितो, एखादा पंडित जे-एन घालतो. तिन्ही कागद खरे, तिन्हींवर फोटो त्याच माणसाचा, तरी यंत्राच्या लेखी हे तीन परके गृहस्थ. बायकांचं तर लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, शिवाय काही घरांत सासरी बदललेलं पहिलं नाव. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आलं. निर्णय उत्तमच आहे. फक्त ही मुलं मोठी होईपर्यंत फॉर्ममधले चौकोन वाढवून ठेवा, म्हणजे झालं.

राहता राहिलं बोट. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि यंत्रावर बोट टेकवून जिवंतपणा सिद्ध करायची सोय झाली. आमच्या मावशीला घेऊन एका शाखेत गेलो होतो. यंत्रामागे विशीतला मुलगा.

"आजी, बोट ठेवा."

"ठेवलंय की."

"दाबून ठेवा. नाही, दुसरं. पदराला पुसा जरा. आता असं करा, कपाळावर घासा."

"कपाळावर कशाला रे?"

"तेल लागतं थोडं. मग उमटतं."

दहाही बोटं झाली. यंत्रातली तांबडी बत्ती लागायची आणि विझायची. मावशीनं तळवा डोळ्यांसमोर धरून नीट पाहिला. "जन्मभर भांडी घासली, पापडाच्या लाट्या केल्या. रेषा राहतील कुठनं?"

"आजी, मशीन नाही म्हणतंय."

"काय नाही म्हणतंय?"

"तुम्ही नाही म्हणतंय."

"मग मेल्याचा दाखला तरी दे."

"त्यालाही ओळख पटवावी लागते, आजी," पोरगं अगदी गंभीरपणे म्हणालं.

पलीकडच्या टेबलावर निवृत्तीला टेकलेले एक अधिकारी होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, या दर वर्षी येतात. या इकडे आजी, बसा." ड्रॉवरमधून छापील फॉर्म निघाला, मावशीनं सावकाश सही केली, त्यांनी शिक्का मारला. मावशी कायदेशीररीत्या आणखी वर्षभर जिवंत झाली. २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला द्यायचीही सोय आहे, पण त्या दिवशी ज्या चेहऱ्यानं तिला ओळखलं तो त्या टेबलामागचा होता.

इथं 'आमच्या वेळी' म्हणून सुरू व्हायचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण आमच्या वेळी बँकेतला माणूस ओळखायचा हे खरं, पण कोणाला? ज्याला आधीच चार लोक ओळखत होते त्याला. खातं उघडायला दुसऱ्या खातेदाराची सही लागायची. ज्याच्या ओळखीत एकही खातेदार नाही त्यानं बाहेरच्या पायरीवर बसायचं. कागदाचं राज्यही काही मायेचं नव्हतं. उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारींना महसुलाच्या कागदांनी मृत ठरवलं. त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं, मृतकांचा संघ काढला, निवडणुका लढवल्या, तेव्हा कुठे १९९४ साली सरकारनं ते जिवंत असल्याचं मान्य केलं. आणि आधारचे पहिले क्रमांक दिले गेले ते २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ज्या वस्तीला सरकारी कचेरीत कोणी नावानं हाक मारत नव्हतं, तिच्यापासून सुरुवात झाली. यंत्र उद्धट असेल, पण त्याचा उद्धटपणा सगळ्यांना सारखा. कलेक्टरलाही ते आपण कोण म्हणूनच विचारतं, हे पाहून थोडं बरं वाटतं.

गंमत अशी, की एवढा चोख पहारा असूनही एक माणूस आपल्याला बिनचूक ओळखतो. तो ओटीपी मागत नाही तोवर किती आदबीनं बोलतो! नाव पूर्ण घेतो, जन्मतारीख सांगतो, खात्याचे शेवटचे चार आकडे त्याला तोंडपाठ असतात. स्वतःच्या बँकेत कोणी 'सर' म्हणत नाही, हा दर वाक्याला म्हणतो. एकटी राहणारी म्हातारी माणसं त्याच्या जाळ्यात सापडतात याचं आपण नवल करतो. दिवसभर सगळीकडून 'जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा' ऐकलेल्या माणसाला कोणीतरी नावानं ओळखलं की त्याचं मन सैल पडणारच. चोरांनी ही नस बरोबर पकडली आहे. बँकांनी आणि सरकारनं अजून पकडलेली नाही.

म्हणून यंत्रानं संशय घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. तो त्याचा धर्म आहे, त्यानं तो पाळावा. मागणं इतकंच आहे, की जिथं जिथं ते यंत्र बसवाल तिथं पलीकडे एक टेबल ठेवा, टेबलामागे एक माणूस, आणि त्या माणसाला 'हो, या त्याच आहेत' असं म्हणून शिक्का मारायचा अधिकार. नऊ दाबा, मग चार दाबा, मग पुन्हा मुख्य यादीवर या, असं सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज ही त्या माणसाची बदली होऊ शकत नाही.

आणि घरातल्या तरुण मंडळींना एक विनंती. आजोबा मोबाइल घेऊन आले की 'आणा इकडे' म्हणून तो हातातून ओढून घेऊ नका. शेजारी बसा, बोट त्यांचंच लावू द्या, वेळ लागला तर लागू द्या. जाता जाता त्यांना एवढं पक्कं सांगून ठेवा, की 'डिजिटल अटक' नावाचा प्रकार आपल्या कायद्यात कुठेही नाही. फोनवरून कोणी अटक केली तर खुशाल फोन ठेवून द्यावा आणि १९३० या नंबरावर तक्रार करावी. हा एक आकडा मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयवर मोठ्ठ्या अक्षरात लिहिला तरी चालेल.