पोदेरामागून: सासष्टीतील एका भट्टीचा शोध

गोव्यात पाव भाजणाऱ्यास आणि तो दारोदार विकणाऱ्यासही पोदेर म्हणतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट पाद्री दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात स्थिरावले आणि त्यांच्याकडून पाव भाजण्याची विद्या प्रथम तेथील माजोर्डा गावातील कुटुंबांनी उचलली, असे परंपरा सांगते; पीठ आंबवण्यासाठी माडाची सूर, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून पाझरणारा आणि लवकर आंबणारा रस, वापरला जाई.

प्रस्तुत प्रवासी पुण्याचा, देहाने भारदस्त आणि रस्ता विचारण्यास तत्त्वतः विरोध करणारा असल्यामुळे, त्याच गावातील, घरामागे दडलेली, पाटी नसलेली कौटुंबिक भट्टी शोधण्यासाठी त्याने शास्त्रीय पद्धत निवडली: सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत जाणाऱ्या पोदेराचा भाड्याच्या सायकलवरून पाठलाग करणे. पद्धत तर्कशुद्ध होती. मात्र पोदेर भट्टीकडे चाललेला नसून भट्टीतून नुकताच निघालेला होता आणि टोपली रिकामी झाल्याखेरीज परतण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. परिणामी प्रवाशास वाड्यावाड्यांतून, शेताच्या बांधांवरून आणि कुत्र्यांच्या एका सुसंघटित टोळीच्या हद्दीतून, वरातीत चुकून शिरलेल्या परक्या पाहुण्यासारखे फिरावे लागले. एका फाटकाशी "नवो चलो?" असे विचारून गृहिणीने त्यास पोदेराचा नवा पोऱ्या ठरवले, आणि खुलासा करण्याइतका श्वास त्याच्याजवळ उरला नव्हता. पुढच्या घरी एका आजोबांनी पैसे त्याच्या तळहातावर मोजून ठेवले; त्यापुढच्या घरी "पाव ल्हान जाला आनी मोल व्हड जालें" ही गावाची जुनी तक्रार त्याच्याच नावावर जमा झाली. पोदेराने कोणताही गैरसमज दूर केला नाही. उलट, सैल झालेली टोपली आवळण्यापुरते म्हणून त्याने सायकलीचे हँडल प्रवाशाच्या हाती दिले, भोंगा नकळत दाबला गेला, आणि शेजारच्या चार दारांतून माणसे पिशव्या घेऊन बाहेर आली.

टोपलीतील जिनसा तेवढ्यात पाहून घेता आल्या: कडक कवचाचा गोल उंडो, पाकळ्या उमलल्यासारखा कातरलेला कातरो पाव, चहात बुडवायचे कुरकुरीत कांकण, आणि कोंड्यात घोळलेली, आतून पोकळ अशी पोई, जिच्यापुढे शहरी हॉटेलांतील 'आरोग्यदायी' ब्रेडने गप्प बसावे. गोव्यात येऊन याच हॉटेलांत न्याहारीला कापीव पाव खाणारे पर्यटक 'अस्सल गोवा' कुठे हरवला याची चौकशी करतात, हे विशेष संतापजनक आहे.

टोपली रिकामी झाल्यावर भट्टी अखेर सापडली ती एका घराच्या परसात, चिऱ्याच्या भिंतीआड. अर्थात ती 'सापडली' असे म्हणणे धाडसाचे आहे, कारण साऱ्या गावाला ती ठाऊक होती. निखारे बाजूला सारून तापलेल्या फरशीवरच पाव भाजत असल्यामुळे तिच्या कमानदार तोंडाशी काजळीचा जाड थर होता, आणि लांब दांड्याचे लाकडी फावडे, ज्याने पाव आत सरकवतात, भिंतीला टेकलेले होते. रात्रभर पीठ मळून, पहाटे भट्टी लावून थकलेला मालक बाकावर झोपला होता. त्याच्या पापण्यांवर अजून पीठ होते. सुरेऐवजी आता यीस्ट वापरतात, कारण माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, असे त्याच्या पत्नीने सांगितले. थोरला मुलगा बोटीवर आहे, असेही ती म्हणाली; रात्रीचे हे काम पुढे कोण करणार, हे मात्र तिने सांगितले नाही, प्रवाशानेही विचारले नाही. पाव संपले होते. तिने फडक्यात बांधून ठेवलेले एक कांकण दिले आणि पैसे घेतले नाहीत.

गावात पाव सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा मिळतो. इच्छुकांनी लवकर उठावे, कापडी पिशवी न्यावी, आणि गरम पोई प्लास्टिकमध्ये कोंबू नये, कारण कोंडलेल्या वाफेने ती चामट होते.