धारवाले काका

शनिवारी सकाळी चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागणाऱ्या गाड्यांतली माणसं तीन प्रकारची. काही ताम्हिणीला निघालेली, काही लग्नाला आणि उरलेली स्वतःच्या शेतावर. या तिसऱ्यांचं शेत अकरा गुंठ्यांचं. त्याला तारेचं कुंपण, लोखंडी फाटक आणि फाटकावर 'विसावा' अशी पाटी. ज्या मुळशीत धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 साली मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, त्याच मुळशीत आता हे लोक फंडाचे पैसे घालून तितक्याच निश्चयाने जमिनीवर ठाण मांडून बसतात.

धारवाले काका ही यांतलीच एक पोटजात. यांची उभी हयात पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात, टूलरूममध्ये गेलेली असते. निवृत्तीनंतर शेती करायची हे पक्कं. पण पिकाच्या आधी अवजार, हा यांचा क्रम. तो कधी पुढे सरकत नाही, ही गोष्ट वेगळी. यांना ओळखायची खूण सोपी आहे. डावा हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत एक केस सापडणार नाही. धार लागली की नाही, हे ते तिथेच तपासतात. तिथला माल संपला की वर्तमानपत्र घेतात. त्यामुळे काकूंना शनिवारची पुरवणी कायम पट्ट्यांच्या रूपात वाचावी लागते.

शेडच्या भिंतीवर प्लायवूडचा फळा आहे. त्यावर विळा, कोयता, खुरपं, कुदळ, फावडं, फांद्या छाटायच्या तीन कात्र्या, प्रत्येकाची आकृती रंगवलेली. एखादं अवजार जागेवर नसेल तर रिकामी आकृती दिसते आणि चौकशी सुरू होते. "खुरपं कुणी घेतलं? कशासाठी? मातीत घातलं?" माळी बिचारा आता स्वतःचं खुरपं घरून आणतो आणि काम झालं की कुंपणापलीकडे करवंदीच्या जाळीत लपवून ठेवतो.

फाल्गुन लागला की काकांचा हंगाम सुरू. कुठल्याशा बर्फाळ देशातल्या व्हिडिओत त्यांनी पाहिलंय की वसंताच्या तोंडावर अवजारं काढायची असतात. तिथे तेव्हा बर्फ वितळून माती मऊ होते. मुळशीची जमीन त्या दिवसांत तापायला लागलेली असते आणि ती मृगापर्यंत कुदळीला दाद देत नाही. पण काकांना जमिनीशी काय करायचंय?

तारेच्या ब्रशाने गंज निघतो. कात्रीचे स्क्रू सुटतात. मग प्रवचन. "उताराच्या बाजूनेच घासायचं. सपाट बाजू दगडावर नुसती फिरवायची, बर निघेपर्यंत. कानस जाताना कापते, येताना उचलायची. येताना दाबलीत, तर कानसच मरते." ग्राइंडरला कुणी हात लावायचा नाही. "पातं निळं पडलं की पाणी उतरलं!" शेवटी दांड्यांना अळशीचं तेल. काकूंच्या मते एवढी मालिश त्यांच्या गुडघ्यांना मिळाली असती, तर त्या एव्हाना रायगड चढल्या असत्या.

हा सोहळा असाच बंद शेडमध्ये चालत राहिला असता. पण फाल्गुनात शेजारच्या वाडीलाही धारेची गरज पडते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर राब भाजायचा असतो. शेण, पालापाचोळा, टहाळ्या पसरून वर गवत-माती घालून पेटवायचं. त्या टहाळ्या तोडायला कोयता लागतो. एका शनिवारी वाडीतल्या मावशी फाटकाशी आल्या. "काका, एवढी धार लावून द्या. सासूबाईंचा कोयता हाय."

काकांनी कोयता दोन्ही हातांवर घेतला. डोळ्यांसमोर आडवा धरला. भिंग आणलं. धारेतले खळगे मोजले. चहा झाला, ऊन डोक्यावर आलं, तरी काकांचं तिसऱ्या नंबरच्या दगडावर घासणं चालूच. मावशी शेवटी उठल्या. "अवो काका, राब तोडायचाय. कुणाची दाढी न्हाई करायची!"

दाढीची धार घेऊन कोयता गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. ऐनाच्या फांदीवर धार मुडपली होती. मावशींचे सासरे सोबत आले होते. त्यांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "लई पातळ केलीत. गवताची धार येगळी, लाकडाची येगळी. जरा जाड ठिवा." टूलरूममध्ये साहेबांना आयुष्यभर कोन शिकवलेल्या माणसाने खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि खुरप्याची?"

त्या शनिवारपासून शेडपुढे रांग लागते. विळे, कोयते, कुऱ्हाडी, एखादी घरची विळीसुद्धा. खिळखिळ्या कुदळीत पाचर ठोकून मिळते. लोहाराच्या भात्याचं काम असेल तर काका स्पष्ट सांगतात, "हे माझं नव्हे, पौडला न्या." पैसे घेत नाहीत. त्यावर वाडीनेच तोड काढली. दिवाळीनंतर भाताची झोडणी झाली की घराघरातून अधोली-अधोली आंबेमोहर त्यांच्या पायरीवर येतो. जुन्या बलुत्याचीच ही रीत. फरक इतकाच की या बलुतेदाराला पेन्शन आहे.

इतक्या वर्षांचा पगार काकांनी गुपचूप बँकेत जाऊ दिला. हे तांदूळ मात्र कोथरूडच्या सोसायटीत खांद्यावर घेऊन आले, लिफ्ट सोडून जिन्याने, म्हणजे प्रत्येक मजल्यावर कुणीतरी विचारावं. "शेतातला?" असं विचारल्यावर काका म्हणतात, "मुळशीचा." ते खोटंही नाही. अकरा गुंठ्यांत गवत गुडघाभर आहे, आणि ते कापायला सवड कुणाला आहे? फळ्यावरच्या कात्र्या अजून कोऱ्या करकरीत.

वाडीने आता नियम केलाय. हत्यार शनिवारी दहाच्या आत आणायचं, कशासाठी हवंय ते आधी सांगायचं आणि काकांनी भिंग काढलं की ते हातातून काढून घ्यायचं.