कशाला हवंय?

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं माझं आवडतं कलम सहावं, आणि त्यातही दुसरं पोटकलम. माहिती मागणाऱ्याला ती कशासाठी हवी आहे याचं कारण विचारायचं नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. १२ ऑक्टोबर २००५ पासून हा कायदा लागू आहे. आमच्या गावात, म्हणजे नगरपरिषद असल्यामुळे ज्याला शहर म्हणावं लागतं त्या गावात, कायदा पोचला, त्याचा फलकही लागला. जन माहिती अधिकाऱ्याचं नाव बदल्यांपायी इतकं खोडलंय की तिथे आता नुसता पांढरा पट्टा दिसतो, ते असो. पोटकलम तेवढं वेशीबाहेर राहिलं. इथे कुठल्याही टेबलासमोर उभं राहा, दोन प्रश्न ठरलेले. ‘कुणाच्या तुम्ही?’ आणि ‘कशाला हवंय?’

पहिल्याचं उत्तर मी बिनतक्रार देते. सासरचं आडनाव सांगितलं की समोरचा चेहरा कोराच राहतो. माहेरचं सांगितलं की ‘म्हणजे गिरणीवाल्यांच्या!’ असा लख्ख उजेड पडतो. आमची पिठाची गिरणी बंद पडून जमाना झाला. ओळखपत्र म्हणून ती अजून चालू आहे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र काही ठरावीक उत्तरंच चालतात. सातबारा हवा असेल तर कर्ज किंवा भावकी. जन्माचा दाखला हवा असेल तर पासपोर्ट. शाळेचा निर्गम उतारा मागितला की समोरचा न विचारताच ‘जातपडताळणी ना?’ म्हणतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसिलीपासून शाळांपर्यंत सगळीकडची जुनी दप्तरं बाहेर निघाली. गाव नमुना चौदा, म्हणजे लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदीशेजारी जातही लिहिलेली असायची. हे ज्ञान चहाच्या टपरीवर फुकट मिळू लागलं. मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोन वाजायला लागले. ही सगळी कारणं टेबलापलीकडच्या माणसाला समजतात. ‘सहज’ हे कारण समजत नाही. सहज कागद मागणारा माणूस एक तर पत्रकार असणार, नाही तर कुणाच्या तरी मुळावर उठलेला असणार.

माझं कारण तर सहजच होतं. आमच्या आळीत मारुतीच्या देवळापुढे पूर्वी आड होता. तो बुजवला कधी, यावर देवळाच्या पारावर बसणाऱ्या मंडळींत जुना वाद आहे. एका पक्षाचं म्हणणं, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आड नव्हताच, त्याच जागेवर लोक अंथरुणं टाकून झोपले होते. म्हणजे १९६७ च्या आधी. दुसरा पक्ष छातीठोक सांगतो की बहात्तरच्या दुष्काळात आम्ही त्याच आडाचं पाणी प्यायलो. दोन्ही पक्ष ऐंशीच्या पुढचे, दोघांचीही स्मरणशक्ती उत्तम. मला वाटलं, नगरपालिकेच्या दप्तरात एक ओळ तरी सापडेल.

अर्ज लिहायला बसले. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अशी सोय आहे की अर्ज एकाच विषयावर हवा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. ललित लिहिणाऱ्या बाईला यापरती शिक्षा नाही. माझा पहिला मसुदा देवळाच्या वर्णनातच दीडशेच्या पुढे गेला. मग पार काढला, पिंपळ काढला, आडावरचा रहाट जड मनानं काढला. उरलं ते एवढंच : सदर आड केव्हा व का बुजविण्यात आला. त्यातलं ‘का’ आमच्या ओळखीच्या वकिलांनी खोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच सांगून ठेवलंय, म्हणाले, की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं उत्तर ‘माहिती’ या शब्दात बसत नाही. कागदावर जे आहे ते मागा. कारणमीमांसा मागू नका. थोडक्यात, सरकारनं मला का विचारायचं नाही आणि मीही सरकारला का विचारायचं नाही. इतका सलोखा फार थोड्या नवराबायकोंत असेल.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि अर्ज आवकमध्ये देऊन पोच घेतली. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण कायद्यानं तीस दिवसांवर आणून ठेवलीय, हे तिचं मोठंच यश. मुदतीच्या अगदी शेवटाला पत्र आलं : ‘आपण मागितलेल्या माहितीचा कालावधी नमूद केलेला नसल्याने माहिती उपलब्ध करून देता येत नाही. तरी वर्ष नमूद करून फेरअर्ज करावा.’ मी वर्षच तर विचारलं होतं! पण पत्रात चूक काढायला जागा नव्हती. दप्तर वर्षवार लावलेलं असतं. ज्याला वर्ष माहीत आहे त्याला ते वर्ष नक्की सापडतं.

जुन्या कागदांच्या शोधातलं हे खरं दुखणं. जमिनीचं बघा. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, एकत्रीकरण योजनेत त्याचा गट नंबर झालेला असतो, पुढे जमीन शहराच्या हद्दीत आली की सिटी सर्व्हे नंबर पडतो आणि सातबाऱ्याच्या जागी प्रॉपर्टी कार्ड येतं. जमीन तीच, जागची न हललेली. नावं मात्र वर्षावर्षाला बदलणारी. आता डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, उत्तम झालं. पण संगणकही आधी नंबरच विचारतो. त्याला ‘ती हो, ओढ्याकडेची, आंब्याखालची’ असं सांगून भागत नाही. तलाठ्याला भागायचं.

शेवटी प्रत्यक्ष गेले. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात लोकांना दप्तर बघू द्यावं, असा शासन निर्णय २०१८ सालचा आहे. आमच्याकडे सोमवार बाजाराचा, त्यामुळे दोन्ही कामं होतात. रेकॉर्ड बघणारे भाऊसाहेब निवृत्तीला टेकलेले. त्यांनी आधी पहिला प्रश्न विचारला, गिरणीशी मला जोडून घेतलं आणि मग दुसरा.

पोटकलम ओठांवर आलं होतं. पण मी पाराची, भूकंपाची, दुष्काळाची सगळी हकीकत सांगितली. दीडशे शब्दांची अट नव्हती, त्यामुळे पिंपळ आणि रहाटही परत घातले. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

‘ताई, आड म्हणून शोधाल तर जन्मात सापडायचा नाही. आड बुजवायचा ठराव आडाच्या नावानं कशाला होईल? आधी नळ आला असणार. नळ आल्यावर आडावर कुणी जात नाही, मग पाणी साचतं, मग डास. हिवतापाची मोहीम जोरात होती तेव्हाची गोष्ट असणार. डासात बघा.’

देशात हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू झाला हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्याची सांगड मारुतीपुढच्या आडाशी कधी घातली नव्हती. भाऊसाहेबांनी ती उभ्या उभ्या घातली, कारण मी त्यांना कशाला हवंय ते सांगितलं होतं. कारण न विचारण्याचा कायदा हवाच. त्याच्या जोरावर तर मी त्या खोलीत उभी होते. पण कागद सापडायला कुणीतरी ‘कशाला हवंय’ विचारावं लागतं, आणि आपण ते न रागावता सांगावं लागतं. पोटकलमावरचं माझं प्रेम त्या दुपारी जरा पातळ झालं, खोटं कशाला बोला.

प्रोसिडिंग बुकं वरच्या फळीवर होती. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे खाली आले, त्यांच्याबरोबर आणखीही बरंच काही खाली आलं, आणि दोघांनाही शिंका येऊन गेल्यावर आम्ही डासांत शिरलो. ठराव सापडला. देखणं वळणदार अक्षर, खाली सूचक, अनुमोदक, आणि ‘सर्वानुमते मंजूर’. उपद्रवी आड बुजवून जागा सपाट करण्यात यावी. साल १९६७ च्या आधीचं! भूकंपवाला पक्ष जिंकला, म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटले.

‘घाई करू नका,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘हा ठराव आहे. काम नव्हे.’

मग त्यांनी मला सरकारी कागदांचं आयुष्य समजावून दिलं. कागदांचे वर्ग असतात. अ वर्ग कायम जपायचा, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, आणि ड म्हणजे वर्षभरात रद्दी. ऐंशीच्या दशकात नगरला अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी होते, त्यांनी कार्यालयातल्या असल्या गठ्ठ्यांना शिस्त लावली, तो लखीना पॅटर्न पुढे राज्यभर गाजला. भाऊसाहेब नोकरीला लागले तेव्हा वरिष्ठांच्या तोंडी तेच नाव असायचं. सभेची प्रोसिडिंगं कायमची. पण आडात मुरूम किती गाड्या पडला, मजुरी कुणाला दिली, कोणत्या तारखेला दिली, त्या बिलांना एवढं आयुष्य नसतं. ती कधीच गेली.

म्हणजे आड बुजवायचं ठरलं कधी, ते नगरपालिका जन्मभर सांगेल. बुजवला कधी, ते सांगणारा कागदच उरलेला नाही. मधे पाच-सात वर्षं तो ठराव नुसता पडून राहिला असेल तर बहात्तरवाले लोकही त्याच आडाचं पाणी प्यायलेले असू शकतात.

पानाला दोन रुपयांप्रमाणे पैसे भरून मी प्रमाणित प्रत घेतली आणि पारावर नेऊन दिली. भूकंपवाल्यांनी ती मोठ्यानं वाचली. बहात्तरवाल्यांनी चष्मा लावून खालची नावं तपासली आणि सूचक म्हणून ज्यांची सही होती त्यांच्या नावाकडे बोट दाखवलं. ‘हा गृहस्थ? यानं सुचवलेलं एक काम त्याच्या हयातीत झालेलं मला दाखवा.’ भूकंपवाल्यांपैकी एकालाही ते दाखवता आलं नाही.