तीन नंबरचा कामचोर

अंबरनाथच्या बुवापाड्यात जुनी पिकअप ‘मिसिंग मारायला’ लागली की मालकाच्या आधी गल्लीला कळतं. ठोक्यांच्या रांगेतून एक ठोका गायब होतो, बॉडी थरथरते आणि आरसा मान हलवत मालकालाच ‘नाही, नाही’ म्हणत राहतो. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण गाडीत कंपनीचं आता फारसं काही उरलेलं नाही. गावात १०६० सालचं शिवमंदिर असल्यामुळे चहावाला तिला शिलाहारकालीन म्हणतो. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, तेवढा सण मात्र ती चुकवत नाही.

बोनेट उघडलं की सल्लागार जमतात.

“प्लग साफ कर रे,” रिक्षावाले काका म्हणतात. गाडी डिझेलची, तिला ठिणगीचा प्लगच नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण २० पट दाबली की ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात नोझलने सोडलेला डिझेलचा फवारा आपसूक पेट घेतो. विम्कोच्या काड्यापेट्या बनवलेल्या अंबरनाथला हे काडीविना पेटणं पटणं अवघडच! दुसरा म्हणतो पंप उतरव, तिसरा म्हणतो हेड खोल. चौथा गाडी घ्यायलाच तयार असतो, भंगाराच्या भावात.

मिस्त्री येतो तो आधी धूर बघतो. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर ऑइल जळतंय. इथे पांढरा होता आणि डोळ्यांना झोंबत होता, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडत होतं. मग हॅन्डपंप मारून त्याने डिझेलच्या पाइपातली एअर काढली. टाकीकडून येणाऱ्या पाइपला भेग असली तर बहुतेकदा डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून गाडीखाली वाकून थेंब शोधणारे फसतात. एअर निघाली, मिसिंग तशीच.

मग खरा खेळ. इंजिन आयडलिंगला ठेवून मिस्त्रीने फडकं धरून एकेका नोझलच्या पाइपचं नट किंचित सैल केलं. एक नंबर सैल केला, इंजिन आणखी लंगडलं. दोन नंबर, तेच. तीन नंबर सैल केला आणि इंजिनला पत्ताच नाही.

“हा बसून पगार खातोय, मालक!”

चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला मिनिटात १६०० वेळा पेटतं. त्यातले ४०० ठोके या एकट्याने बुडवले होते.

“नवीन नोझल टाका मग,” मालक खिसा चाचपत म्हणाले.

“थांबा हो, आधी अदलाबदल करू.” तीनचं नोझल दोनला, दोनचं तीनला, खाली नवे तांब्याचे वॉशर. पुन्हा तपासलं, तर आता दोन नंबर मेलेला. दोष नोझलबरोबर सरकला, म्हणजे चोर नोझलच. तीनमध्येच राहिला असता तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा संशयात आल्या असत्या आणि हेड उतरवावं लागलं असतं. ‘हेड खोल’वाले गृहस्थ तेव्हा चहाच्या टपरीकडे वळलेले दिसले. डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याच्या टेस्टरवर त्या नोझलमधून फवाऱ्याऐवजी धार पडली.

घरी नवी कॉमन रेल गाडी असेल तर हा पान्याचा प्रयोग अजिबात करू नका. तिच्या पाइपात १००० बारच्याही वर दाब जाऊ शकतो आणि ती धार कातडी फोडून आत शिरते. तिथे स्कॅनरच लावून घ्या.