पथ्यकर

पथ्यकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे, पण चेन्नईतल्या आम्हा मराठी मंडळींत आता तेच रूढ झालंय. मूळचा सांगलीचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअर, मुक्काम पेरुंगुडी. २०२० च्या मार्चात कंपनीने लॅपटॉप हातात देऊन सगळ्यांना घरी धाडलं, तेव्हा बाकीचे काळजीत पडले आणि हा खूश झाला. "कँटीन सुटलं रे एकदाचं," म्हणाला. "आता घरचं, ताजं आणि मोजूनमापून."

तेव्हापासून तो मोजतोय. त्यासाठी एक एक्सेल शीट आहे. ग्रॅम, प्रथिनं, तंतू, पाणी असे सगळे रकाने. मी ती पाहिली आहे; नाव ठेवायला जागा नाही. फक्त ताटात वाढून, खुर्चीवर बसून जे खाल्लं जातं तेवढंच तिच्यात येतं. ओट्याशी उभ्याने खाल्लं ते खाणं नव्हे, ती चव बघणं. मुलाच्या ताटातलं उरलेलं खाल्लं, तर ते अन्न वाया जाऊ न देणं, म्हणजे आईचे संस्कार. आणि थेट डब्यात हात घालून खाल्लेलं म्हणजे निव्वळ संपवून टाकणं, कारण नाहीतर ते मऊ पडेल. या शेवटच्या मुद्द्यावर मात्र मी त्याच्या बाजूने आहे. चेन्नईच्या दमट हवेत उघडा राहिलेला मुरुक्कू खरंच टिकत नाही. पण डबा उघडा टाकतं कोण, हा प्रश्न उरतोच.

दीक्षित की दिवेकर यावरून महाराष्ट्रात घराघरांत तट पडले होते, तेव्हा याने कुणालाच दुखावलं नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणतात, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा आणि तुपाला घाबरू नका. पथ्यकर दोनदाच जेवतो, आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी थोडं थोडं खातो. ५५ मिनिटांचा गजर लावतो. पन्नासाव्या मिनिटाला पोट भरलेलं असतं, पण "अजून पाच मिनिटं आहेत" म्हणून मैसूरपाकाचा डबा काढतो. या दोघांच्या सल्ल्यांची बेरीज करा असं दोघांपैकी कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

ऑफिसात माणूस कमी खातो तो काही मनोनिग्रहाने नव्हे. चार लोक बघत असतात म्हणून. घरी बघायला कुणी नाही. वहिनी गिंडीच्या ऑफिसात, मुलगा शाळेत, आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. उरला तो फक्त आवाज. त्यामुळे पथ्यकरच्या खाण्याचा क्रम कॅलरीवर ठरत नाही, आवाजावर ठरतो. ज्या मीटिंगमध्ये स्वतः बोलायचं, तिला इडली, केळं किंवा दहीभात. जिथे नुसतं ऐकायचं, तिला तट्टई, मिक्स्चर, भाजलेले शेंगदाणे. शंभर माणसांची मीटिंग असली की चकली. एकदा माइक चालू राहिला. तिकडून मॅनेजरने काळजीने विचारलं, "तुमच्याकडे बांधकाम चाललंय का?" याने शांतपणे उत्तर दिलं, "हो, शेजारी." ओएमआरच्या, म्हणजे इथल्या आयटी कंपन्यांच्या रस्त्याच्या, आसपास राहणाऱ्याचं हे उत्तर कुणीही खरं मानेल, कारण तिथे बांधकाम चालूच असतं.

स्वयंपाकाला मामी येतात. आल्या आल्या विचारतात, "साप्पिट्टाच्चा, सार?" सगळं चेन्नई एकमेकांना हेच विचारतं, खाल्लं का म्हणून, आणि उत्तराला कुणी थांबत नाही. पथ्यकर मात्र मोडक्यातोडक्या तमिळमध्ये भिजवलेल्या बदामांपासून सविस्तर हिशेब देतो. मामी तोवर अर्धी भाजी चिरून मोकळ्या होतात.

या मामींच्या हातचं तो जसंच्या तसं खाईल तर त्याला शीटची गरजच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वाफवलेली इडली, डाळ-भाज्यांचं सांबार, पोरियल, केळीच्या गाभ्याचं कूट्टू, रोज एक पालेभाजी, शेवटी ताक. पण जे रोज समोर येतं ते पथ्यकरला आरोग्यदायी वाटत नाही. त्याने ऑनलाइन मोरिंगा पावडरचा डबा मागवला, महागातला. मामींनी तो हुंगला, चिमूटभर पावडर तळहातावर घेतली, जिभेला लावली, मग खिडकीपाशी जाऊन खाली बोट दाखवलं. सोसायटीच्या कुंपणाला टेकून शेवग्याचं झाड उभं होतं. त्याच्याच पाल्याची भाजी, मुरुंगै कीरै, मामी याला आठवड्यातून एकदा करून वाढत होत्या, आणि हा ती "कडवट आहे" म्हणून मुलाकडे सरकवत होता. मुलगा परत याच्याकडे. ही एकच गोष्ट वाया जाऊ दिली तरी संस्कार आड येत नसत.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं, तेव्हा घरात काचेच्या बरण्यांची रांग लागली. तिनै, सामै, वरगु, कंबू. कंबू म्हणजे आपली बाजरी. उन्हाळ्यात इथे रस्त्यावरच्या गाड्यांवर कंबंकूळ मिळतं, म्हणजे बाजरीची ताकातली आंबील, सोबत छोटे कांदे आणि ताकात मुरवून वाळवलेली मिरची. आडी या तमिळ महिन्यात अम्मनच्या देवळांत प्रसाद म्हणून कूळ वाटतात. पथ्यकर गाडीवरचं खात नाही. पोट बिघडेल म्हणतो. तो मिलेटची बिस्किटं खातो. वेष्टनावर मिलेट ठळक अक्षरांत असतं आणि साखर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. चष्मा तो फक्त स्क्रीनसाठी लावतो.

रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी, हा नियम तर कडक. सहाला मूगडाळीचं धिरडं खाऊन लॅपटॉपशेजारी ताट पालथं घालतो. साडेआठला अमेरिकेची सकाळ उजाडते आणि क्लायंटचा कॉल सुरू होतो. तो साडेदहापर्यंत चालतो. त्यानंतर पथ्यकर स्वयंपाकघरात जातो, पण दिवा लावत नाही. फ्रिजच्या उजेडात जेवढं होतं त्याला तो रात्रीचं जेवण धरत नाही. घड्याळात पावलं मात्र धरतो. दिवसाची पावलं पुरी झाली की मनगट दाखवतो. त्यातली किती फ्रिजकडे जाऊन परत येण्याची, ते घड्याळ सांगत नाही.

परवा गेलो तर मला मधुमेहावर ऐकवलं. "देशात १० कोटींच्या वर मधुमेही आहेत! २०२३ मध्ये आकडा आला. आणि तो काढण्यात पुढाकार कुणाचा? आपल्या चेन्नईच्या संस्थेचा!" माहिती बरोबर होती. बोलताना डावा हात मिक्स्चरच्या डब्यात होता. उजवा माझ्यापुढे काकडीची बशी सरकवत होता.

आता कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात बोलावलंय. तिथे आजूबाजूला माणसं, टेबलाला खण नाही आणि कँटीन चार मजले खाली. दोन महिन्यांत त्याचं वजन तीन किलोंनी उतरलं. वहिनी खूश आहेत. पथ्यकर मात्र हादरलाय. सगळ्या रक्ततपासण्या करून घेतल्या, अहवाल पूर्वीपेक्षा चांगले आले, तर लॅबचीच चूक असणार म्हणाला. शेवटी शीटची प्रत जोडून त्याने मॅनेजरला रीतसर मेल लिहिला आहे: ऑफिसच्या खाण्याने प्रकृती खालावत आहे, सबब पूर्ण वेळ घरून काम करण्याची परवानगी मिळावी.