अण्णा नाईक यांस, मु. पो. आकेरी

प्रति,
अण्णा नाईक,
नाईकांचा वाडा, आकेरी, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग.



पाकिटावर तुमच्या नावाआधी ‘श्री.’ घालावं की ‘कै.’, यावर घरात बरीच चर्चा झाली. २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तीच मुळी तुमच्या मरणानं. अख्खं कुटुंब वाड्यावर गोळा झालं आणि आम्ही हळहळलो. २०१९ मध्ये दुसऱ्या भागात मागल्या काळातली गोष्ट काढून तुम्ही धडधाकट हजर. २०२१ मध्ये तिसऱ्या भागात भूत होऊन पुन्हा हजर. शेवटी नावाआधी काहीच घातलं नाही. पत्र पोचलं की हयात आहात का तेवढं कळवा.

मी गडहिंग्लजचा. तुमचा माझा बांधाला बांध नाही, त्यामुळं तुम्ही अजून माझी जमीन लाटलेली नाही. पण आमचा रस्ता तुम्ही लाटलाय, ही माझी तक्रार. संकेश्वरहून निघालेली गाडी गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला उतरते. पूर्वी या गाड्यांतली माणसं आंबोलीचा धबधबा, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि पुढं गोवा असा सरळ हिशोब करून यायची. आता चहाच्या टपरीवर गाडी थांबली की काच खाली होते आणि विचारणा होते : अण्णा नाईकांचा वाडा अजून किती लांब?

आता तुम्ही केलंत काय, ते एकदा कागदावर येऊ दे. बायकोला, माईंना, छळलंत. शेवंता या परक्या बाईच्या दारी गेलात. जमिनी हडपल्यात, माणसं संपवलीत. तुमच्या वाड्यावरच्या पांडूसारखा विसरभोळा गडीसुद्धा जे विसरणार नाही ते सगळं केलंत. आणि लोक पोराबाळांना घेऊन तुमच्या घरापुढं उभे राहतात, हसतात, फोटो काढतात. आजी नातवाला सांगते, बाळा, इथंच अण्णा राहायचे! कौतुकानं सांगते, अण्णा. ज्या माणसाच्या सावलीला उभं राहू नये, त्याच्या पडवीत उभं राहायला माणसं दीडशे रुपये लिटरच्या भावात डिझेल जाळतील, अशी माझी खात्री आहे.

मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गात विरोधही झाला होता. कोकणाची बदनामी होते, भुताखेतांच्या अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, असं म्हणणारे लोक होते. तो मुद्दा चूक नव्हता. पण तुम्ही पडलात मुरलेले. विरोध तिथंच राहिला आणि बदनामीची सहल झाली.

हा धंदा चालतो कसा, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. मग गाडीवाल्यांची बोलणी ऐकून उमगलं. सहलीच्या यादीत एखादं ठिकाण वाढवायचं तर प्रवेश फी, मार्गदर्शक, अर्धा दिवस, असा खर्च येतो. तुमचा वाडा रस्त्यालगतच्या गावात. दहा मिनिटं थांबलं, फोटो झाले, निघाले. जाहिरात वाहिनीनं रोज रात्री आधीच करून ठेवलेली. गाडीवाल्याचा कार्यक्रम भरगच्च दिसतो, जेवणाची वेळ बरोबर जुळते, खानावळीला गिऱ्हाईक मिळतं, येताना काजू आणि कोकम घेतलं जातं. यात वाईट काय? काहीच नाही. गावातल्या पोराला चार पैसे सुटत असतील तर मला आनंदच आहे. फक्त त्याच आकेरीत रामेश्वराचं जुनं देऊळ आहे, तिथं किती गाड्या वळतात ते तुम्ही वाड्यावरून बघत असालच. भुताला दिवसा काम काय असतं?

आणि हे तुम्हा एकट्याचंच नाही. त्याच २०१६ मध्ये आमच्या जिल्ह्यात ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका आली. तिच्यातल्या राणादाचा वाडा करवीर तालुक्यातल्या वसगड्यात. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा आणि राणादा, असा नवा फेरा सुरू झाला. राणादा निदान सरळ गडी, लाल मातीतला पैलवान; त्याच्या तोंडी कायम ‘चालतंय की’. पण गावाला चाललं नाही. गर्दीला कंटाळून वसगडेकरांनी चित्रीकरणालाच विरोध केला होता. म्हणजे आम्ही गडहिंग्लजकर मधोमध : वर भला माणूस, खाली तुम्ही, आणि दोघांच्याही गिऱ्हाइकांना वाट दाखवणारे आम्ही.

तुमच्या गोत्राचा एक साहेब अमेरिकेत होऊन गेला. जे. आर. युइंग. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘डॅलस’ मालिकेतला तेलवाला, तुमच्याइतकाच लबाड आणि तुमच्याइतकाच लाडका. टेक्सासमधल्या साउथफोर्क नावाच्या ज्या घरात तो राहायचा, तिथं खरंखुरं कुटुंब राहत होतं. लोकांचे इतके लोंढे आले की मालकानं शेवटी घर विकलं, आणि १९८५ पासून ते रीतसर पर्यटकांना खुलं झालं. बघा, खलनायकाचा सातबारा असा होतो. त्यावर नाव कुणाचंही असो, कब्जा त्याचाच.

आता माझं खरं दुखणं. आमच्या तालुक्यात नेसरी आहे. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते तिथं. सात माणसं, समोर अख्खी फौज. स्मारक आहे. सामानगड आहे, त्याच्यावर सात कमानींची विहीर आहे, आणि १८४४ मध्ये इंग्रजांविरुद्ध गडकऱ्यांचा उठाव तिथूनच पेटला. पण ही माणसं पडली प्रामाणिक. एकदा मेली ती मेलीच. तिसऱ्या भागात परत आली नाहीत, त्यांना शेवंता नव्हती, रात्री साडेदहाची वेळ नव्हती. मग नेसरीच्या फाट्याला गाडी कोण वळवणार?

त्यामुळं भांडण मिटवायचा एक प्रस्ताव ठेवतो. येत्या अमावास्येला तुम्ही सामानगडावर या. फार काही करू नका, विहिरीच्या पायऱ्यांवर बसून नुसते खोका. एकानं ऐकलं तरी पुरे, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ फिरतो. शेवंताबाईंना आणलंत तर उत्तमच. भजी आणि संकेश्वरी मिरचीच्या ठेच्याची गाडी आम्ही लावतो, पार्किंगच्या पावत्या छापून ठेवतो. नफ्यात तुमचा चौथा हिस्सा. त्याहून जास्त मागू नका. जमिनीच्या व्यवहारात तुमची बाजारात पत काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक गडहिंग्लजकर

ता. क. : माईंना नमस्कार सांगा. त्यांच्याविषयी कुणाचीच तक्रार नाही.